फ्लॅट भाड्याने देताना: रिकामे महिने, नोंदणीचा करार आणि दुसऱ्या फ्लॅटचा हप्ता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नाशिकला राहता आणि पुण्यातल्या खराडीतला टू बीएचके गेल्या महिन्यात रिकामा झाला. एजंट म्हणतो २८ हजार सांगा आणि थांबा. शेजारी म्हणतात अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की काम झालं. आणि एक बँक वाघोलीतल्या ७५ लाखांच्या दुसऱ्या फ्लॅटला कर्ज द्यायला तयार आहे. भाड्यातून हप्ता निघेल असं तुम्हाला सांगितलं गेलंय. या तिन्हींवर मत हवंय.

तिन्ही सल्ले महिन्याच्या भाड्याच्या आकड्याभोवती फिरतात, आणि नेमका तोच आकडा सर्वांत कमी कामाचा आहे. वर्षाअखेर हातात काय पडतं ते घर किती दिवस रिकामं राहिलं, करार कसा झाला आणि घर कोणत्या अवस्थेत परत मिळालं यावर ठरतं. खाली लिहितोय ते महाराष्ट्रातल्या निवासी फ्लॅटपुरतं. दुकान, ऑफिस किंवा पागडीची खोली यांचा कायदाही वेगळा आणि गणितही. शिवाय तुमच्या सोसायटीचा मेंटेनन्स, पाण्याची स्थिती आणि तुम्ही कोणत्या करप्रणालीत आहात यावर आकडे हलतील, तेव्हा माझे आकडे काढून तुमचे घाला.

आधी २८ हजारांचं बघू. एक महिना घर रिकामं म्हणजे वर्षाच्या भाड्यातले ८.३३ टक्के गेले. २८ हजारांसाठी दोन महिने थांबलात तर वर्षात दहा महिन्यांचे २ लाख ८० हजार मिळतील. २६ हजारांना पंधरा दिवसांत दिलंत तर साडेअकरा महिन्यांचे २ लाख ९९ हजार. वर रिकाम्या काळातला मेंटेनन्स तुमच्याच खिशातून जातो. माझा ठोकताळा असा: तुमच्याच संकुलात गेल्या दोन-तीन महिन्यांत खरोखर झालेल्या करारांची भाडी काढा. जाहिरातीतले आकडे सोडून द्या, ते मालकांच्या इच्छा असतात. झालेल्या भाड्याच्या मध्यावर किंवा हजारभर खाली मागा. पंधरा दिवसांत घर बघायलाच कोणी आलं नाही तर भाडं जास्त आहे. बघून जातात पण कोणी घेत नाही, तर घरात काहीतरी खटकतंय. बहुतेक वेळा बाथरूमचा वास, नाहीतर हॉलच्या भिंती.

वासाचं कारण गमतीदार आहे. नहाणी ट्रॅपमध्ये जे पाणी साचून असतं तेच ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडवतं. घर महिनाभर बंद राहिलं की ते पाणी सुकतं. आठवड्याला प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायला कोणाला तरी सांगा, ड्राय बाल्कनीतला आणि वॉशिंग मशीनजवळचा ट्रॅप धरून. जास्त दिवस कोणी जाणार नसेल तर वरून चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी हळू उडतं. भिंतींना डिस्टेंपर लावू नका, हात लागला की पांढरी पावडर निघते. धुता येणारा इमल्शन लावा, शेड नंबर लिहून ठेवा आणि अर्धा लिटर उरवून ठेवा. पुढच्या वेळी पूर्ण भिंत न रंगवता डागावर काम भागतं.

भाडेकरू निवडताना आडनाव, जात, स्वयंपाकघरात काय शिजतं यातून भाडं वेळेवर येईल की नाही हे कळत नाही. नोकरीचं पत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या बँक नोंदी आणि आधीच्या घरमालकाशी फोन, एवढ्याने कळतं. फोन शक्यतो त्याच्याही आधीच्या मालकाला करा, कारण आत्ताचा मालक नकोशा भाडेकरूचंही कौतुक करून त्याला वाटेला लावू शकतो. भाडं पगाराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आत असावं. तीन-चार मुलं मिळून राहणार असतील तर सर्वांची नावं करारात घ्या आणि भाडं एकाच खात्यातून यावं असं ठरवा. ज्याचं नाव करारात नाही तो सहा महिन्यांनी राहायला आला की त्याला कोणत्या नात्याने काही सांगायचं हा प्रश्न पडतो.

आता करार. इथे शेजाऱ्यांचा सल्ला सरळ चुकीचा आहे. अकरा महिन्यांची प्रथा देशभर रुळली, कारण नोंदणी कायद्याने वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची केली आहे. महाराष्ट्रात ती पळवाट नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी, आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरची नोटरी इथे तुम्हाला काहीच देत नाही.

नोंदणीचा खरा फायदा कलम २४ मध्ये आहे. मुदत संपल्यावर भाडेकरू निघत नसेल तर नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूला बाजू लढवण्याची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील त्याबद्दल दुप्पट दराने भरपाईची तरतूद आहे. लेखी करारात नमूद केलेली गोष्ट इथे निर्णायक पुरावा मानली जाते. म्हणून अंगठा देण्याआधी मसुदा शब्दन् शब्द वाचा: विंग, फ्लॅट नंबर, तारखा. आणि एक चूक हमखास होते. परत द्यायचं डिपॉझिट विनापरताव्याच्या रकान्यात पडतं. मुद्रांक थोडा वाढतो ते सोडा, पण कागदावर डिपॉझिट परत न करण्याचं असं लिहिलं जातं आणि निघताना त्यावरूनच भांडण होतं.

खर्चाला घाबरू नका. एकूण भाडं, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. २६ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, बारा महिने: ३,१२,००० अधिक १०,०००, म्हणजे ३,२२,००० वर साधारण आठशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, वर एजंटचा मेहनताना. ई-रजिस्ट्रेशनमध्ये तुम्ही नाशिकला आणि भाडेकरू पुण्यात राहून वेगवेगळ्या वेळी अंगठे देऊ शकता, दुय्यम निबंधक कार्यालयात जायची गरज नाही. मात्र आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं असेल तर अंगठा देण्याआधी उघडा, नाहीतर एजंट यंत्र घेऊन येतो आणि हात हलवत परत जातो.

मुदत किती? साठ महिन्यांपर्यंत करता येते. अनोळखी माणसाशी पहिला करार मी अकरा किंवा बारा महिन्यांचाच सुचवतो, कारण मुदत संपणं हीच कलम २४ च्या वाटेवरची बिनवादाची पायरी आहे आणि ती लवकर आलेली बरी. माणूस पटला की पुढचा करार २४ किंवा ३६ महिन्यांचा करा, दरवर्षी पाच टक्के वाढ रकमेसकट लिहून. 'बाजारभावाप्रमाणे वाढ' असं लिहू नका. बाजारभाव कोणाचा, यावर एकमत होत नाही. नोटीस कालावधी दोन्हीकडून एक महिना ठेवा, सुरुवातीचे सहा महिने लॉक-इन, म्हणजे त्या काळात कोणीच करार मोडायचा नाही.

दुरुस्तीचा परिच्छेद बहुतेक छापील करारांत एका ओळीचा असतो: 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी'. किरकोळ म्हणजे काय? नावं घालून लिहा. दिवे, नळाचा वॉशर, आरओची सर्व्हिस, त्याच्या वापराने तुंबलेलं सिंक हे भाडेकरूचं. भिंतीतली पाइपलाइन, वायरिंग, गिझरचं एलिमेंट, वॉटरप्रूफिंग तुमचं. जिथे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं तिथे गिझरच्या एलिमेंटवर क्षार चढतात, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी एलिमेंट जळतं. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या, ॲनोड रॉड (टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) झिजला असेल तर त्याच वेळी बदला.

सोसायटीबद्दल. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. तिला लेखी कळवायचं आणि नोंदणीकृत कराराची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, तसा राज्य सरकारचा आदेश १ ऑगस्ट २००१ पासून आहे. दहा टक्के सेवाशुल्कावर मोजायचे. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, महापालिकेचा कर त्यात येत नाही. पूर्ण बिलावर आकारलं असेल तर अर्ज द्या. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या पोर्टलवर भरून पावती करारासोबत ठेवा. आणि पुणे महापालिकेच्या मिळकतकरातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांसाठी आहे. घर भाड्याने गेल्यावर ती धरून हिशेब करू नका.

ताबा देताना अर्धा तास जास्त घालवा. प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढा. नळ सोडून, फ्लश दाबून, गिझर लावून दाखवा. पंखे, गिझर, एसी यांची कंपनी आणि सिरियल नंबर, चाव्या किती, रिमोट किती हे कराराच्या परिशिष्टात घ्या. महावितरणच्या मीटरचा फोटो त्या दिवशीचा हवा. वीजबिलाच्या ग्राहक क्रमांकाला मोबाइल नंबर तुमचाच जोडलेला ठेवा, म्हणजे थकलेलं बिल तुम्हाला आधी कळतं. पाइप गॅस असेल तर त्याचंही रीडिंग घ्या. निघताना हेच सगळं उलट क्रमाने करायचं. रंगाचे पैसे कापणार असाल तर किती आणि कधी हे सुरुवातीलाच लिहा. दोन वर्षांत भिंत मळणं ही नेहमीची झीज आहे, ड्रिलची बारा भोकं नाहीत.

घर आत्ता रिकामं आहे, तेव्हा बाथरूमची गळती आजच तपासून घ्या. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की सोसायटीचं पत्र तुम्हालाच येणार, कारण फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती सभासदाच्या खर्चाची; गच्ची आणि बाहेरच्या भिंती सोसायटीच्या. प्लंबर आला की तो थेट फरशी फोडायचं म्हणतो, पण आधी गळती कुठली ते ओळखायला हवं. बाथरूम चार-पाच दिवस अजिबात न वापरताही ओल तशीच राहिली आणि तिथला स्टॉप कॉक बंद केल्यावर कमी होऊ लागली, तर भिंतीतली दाबाची पाइपलाइन फुटली आहे. तसं नसेल तर नहाणी ट्रॅपचं तोंड प्लॅस्टिक आणि फडक्याने घट्ट बंद करा, जमिनीवर दोन इंच पाणी साठवा, टाइलवर पेन्सिलने पातळी आखा आणि चोवीस तास सोडा. पातळी चांगली उतरली आणि खाली ओल वाढली तर टाइलच्या सांध्यांतून किंवा वॉटरप्रूफिंगमधून पाणी जातंय. पातळी जागेवर राहिली, पण फडकं काढून पाणी सोडल्यावर खाली ठिबकलं, तर दोष ट्रॅपच्या किंवा आउटलेटच्या जोडात आहे.

सांध्यांचा दोष असेल तर आधी स्वस्तातला उपाय करा. जुनं सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, ट्रॅपच्या जाळीभोवती आणि कमोडच्या बुडालाही, आणि निदान चोवीस तास पाणी लागू देऊ नका. ओल्या सांध्यात ग्राउट भरलं की ते धरत नाही. घाईत केलेलं काम दोन महिन्यांत उखडतं ते बहुतेक याचमुळे. त्यानंतर पुन्हा पाणी साठवून बघा. तरी गळलं तरच टाइल आणि कोबा काढून नवं वॉटरप्रूफिंग. त्याला बाथरूम आठ-दहा दिवस बंद लागतं, आणि भाडेकरू राहत असताना ते करणं म्हणजे भाड्यात सूट आणि रोजची कटकट.

भाडं थकल्यावर काय, हेही आत्ताच ठरवून ठेवा. पाच तारीख ठरली असेल तर सहाला फोन, दहाला व्हॉट्सॲपवर लेखी, पंधराला स्पीड पोस्टने नोटीस. 'डिपॉझिटमधून कापून घ्या' या वाक्याला हो म्हणू नका. दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट असंच संपतं आणि मोडतोड, थकलेलं बिल यांसाठी हातात काही उरत नाही. रोख भाडं घेऊ नका, बँकेतली नोंद हाच पुरावा. आणि वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं यांच्या वाटेला जाऊ नका. अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे नियंत्रण कायद्यातच मनाई आहे, आणि तसं केलंत की थकबाकीदार तक्रारदार होतो आणि तुम्ही आरोपी.

आता वाघोली. फ्लॅट ७५ लाख, सात टक्के मुद्रांक ५.२५ लाख, नोंदणी ३० हजार; पंखे, गिझर, किचन ट्रॉली, जाळ्या यांचे ३ लाख. झाले ८३.५५ लाख. बांधकाम चालू असलेला घेतलात तर त्यावर पाच टक्के जीएसटी वेगळा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो नाही. भाडं २५ हजार धरू, वर्षात एक महिना रिकामा: २,७५,०००. त्यातून मेंटेनन्स ४२ हजार, मिळकतकर १४ हजार, दुरुस्ती-रंग १८ हजार, आणि दर दोन वर्षांनी एक महिन्याचं ब्रोकरेज म्हणजे वर्षाला साडेबारा हजार. उरले १,८८,५००. गुंतवणुकीवर सव्वादोन टक्के.

बँक ५५ लाख देईल, ८.५ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता सुमारे ४७,७००. निव्वळ भाडं महिन्याला १५,७००. म्हणजे दरमहा ३२ हजार तुमच्या पगारातून, आणि साडेअठ्ठावीस लाख आधीच घातलेले. भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढलं तरी निव्वळ भाडं हप्त्याला गाठायला बावीस वर्षांच्या वर लागतील, आणि कर्ज विसाव्या वर्षी संपतं. 'भाड्यातून हप्ता निघेल' हे या भावात होणार नाही. तुम्ही किंमत वाढण्यावर पैसे लावताय. ते करायला हरकत नाही, पण मग तीच भाषा वापरा आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असतील तरच करा.

करानेही चित्र फारसं बदलत नाही. भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट (प्रत्यक्ष दुरुस्ती किती झाली हे कोणी विचारत नाही, मेंटेनन्सही वेगळा मिळत नाही), मग कर्जाचं व्याज. पहिल्या वर्षी व्याज साडेचार लाखांच्या पुढे असल्याने तोटा दिसेल. जुन्या प्रणालीत त्यातले दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतात. नव्या प्रणालीत पगाराला हात लावता येत नाही. तुम्ही नवीत असाल तर कोणी करबचतीच्या नावाखाली फ्लॅट विकत असेल तर ऐकू नका. आणि पुढे कधी परदेशी जाऊन अनिवासी झालात, तर भाडं कितीही असो, भाडेकरूला ३० टक्क्यांच्या वर टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो. हे ऐकून बरेच भाडेकरू घरच नाकारतात.

तरीही वाघोली बघायचंच असेल तर टोकन देण्याआधी तीन कागद मागा: भोगवटा प्रमाणपत्र, महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) क्रमांक आणि सोसायटीचा गेल्या बारा महिन्यांचा खर्चाचा तक्ता. तिसरा सहसा कोणी मागत नाही, पण त्यातली टँकरची ओळ मार्च ते जून या महिन्यांची वाचा. माझ्या गणितात मेंटेनन्स महिना साडेतीन हजार धरलाय; उन्हाळ्यात तो पाच हजारांवर जात असेल तर सव्वादोन टक्केही राहत नाहीत. खराडीचा एक फ्लॅट सलग दोन वर्षं न थकता, एका महिन्याहून जास्त रिकामा न राहता चालवून दाखवा, मग त्याच आकड्यांवर दुसऱ्याचं गणित पुन्हा मांडा. तोवर ते साडेअठ्ठावीस लाख कुठे ठेवायचे हा प्रश्न वेगळा विचारा, त्यावर माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे इथे आहेत.